मागच्या रांगेतला अंक

आमच्या खांदा कॉलनीतल्या घरात हॉलची एक अख्खी भिंत पुस्तकांची आहे. सुताराने भिंतीतच बसवलेली, जमिनीपासून छतापर्यंत, सहा खण उंच आणि चार खण रुंद. घर लावताना लोक विचारायचे, मग टीव्ही कुठे? टीव्ही बेडरूममध्ये गेला आणि भिंत माझी झाली. पुढच्या वीस वर्षांत त्या भिंतीने इतकं गिळलं, की शेवटी तिला अजीर्ण झालं. एका रविवारी सकाळी चहा पिताना वरच्या खणातून एक शब्दकोश आपणहून खाली आला आणि नवऱ्याच्या पोह्यांत पडला.

"आई, आज हे आवरायचं," लेक म्हणाली. ती घरूनच काम करते आणि व्हिडिओ कॉलवर तिच्या मागे हीच भिंत दिसते. "भिंत नाही, रद्दीचं दुकान वाटतं."

मला राग यायला हवा होता, कारण मी टापटिपीची बाई आहे असं सगळी सोसायटी म्हणते आणि मीही ते कधी नाकारलेलं नाही. माझी टापटीप तशी सोपी आहे. पाहुणे येणार म्हटलं की टेबलावरचं, सोफ्यावरचं, फ्रिजवरचं जे जे कागदाचं असेल ते उचलायचं आणि शेल्फात पुस्तकांच्या मागे सारायचं. पुढच्या रांगेत जाड बांधणीची देखणी पुस्तकं, मागच्या रांगेत संसार. सुताराने खण चांगले खोल केले होते, त्याचं भलं होवो.

पण त्या दिवशी राग आलाच नाही, उलट अंगात आलं. मी डोक्याला फडकं बांधलं, गाऊन खोचला आणि शिडी मागवली.

लेकीने कुठेतरी पाहिलं होतं, की शेल्फाचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवायचा आणि पुस्तकं रंगांप्रमाणे लावायची. मध्ये मध्ये एखादी कुंडी, एखादं पितळेचं भांडं. हे ऐकून नवऱ्याला धक्काच बसला. तो न्हावा शेवा बंदरात माल पाठवणाऱ्या एका कचेरीत आहे आणि त्याचं आयुष्य कंटेनर भरण्यात गेलंय. जड माल खाली, हलका वर, आणि पोकळी दिसली की तीत काहीतरी कोंबायचं.

"रिकामी जागा?" तो म्हणाला. "हवा कोण पाठवतं का कधी?"

"बाबा, हे कुठे पाठवायचं नाहीये."

"तरीपण."

आम्ही तीन ढीग करायचे ठरवले. ठेवायचं, द्यायचं आणि बघू. तासाभरात 'बघू' माझ्या कमरेला लागला. 'द्यायचं'मध्ये दोनच वस्तू होत्या, एक फाटका नकाशा आणि नवऱ्याचं व्यायामाचं पुस्तक, आणि व्यायामाचं त्याने परत उचलून 'बघू'त नेलं. मग लेकीने कायदा केला, की पुस्तक हातात धरायचं, पाच मोजायचे आणि निर्णय द्यायचा. आम्ही पाच मोजता मोजता पुस्तक उघडायचो आणि अर्धा तास जायचा. मी शिडीवर बसून एका जुन्या पाककृतीच्या पुस्तकातली शाही मेजवानी मोठ्याने वाचली, त्यात 'प्रथम एक मोठा वाडगाभर केशर घ्यावे' असं होतं. आम्ही तिघंही हसून हसून लोळलो. नवऱ्याला उचकी लागली आणि उचकी थांबवायला पाणी आणलं ते 'बघू'वर सांडलं, त्यामुळे त्यातला निम्मा ढीग आपोआप निकालात निघाला आणि उरलेला लेकीने 'द्यायचं'त ढकलला.

दुपारी बारा वाजता भिंत अशी काही दिसायला लागली की मी चार वेळा उगीच दारापर्यंत जाऊन वळून पाहिलं. वरती पिवळी, मग केशरी, मग लाल, डाव्या अंगाला हिरवी. माझ्या आईचा पितळी तांब्या मधोमध. एकाच लेखकाचे तीन खंड तीन खणांत गेले होते, कारण प्रकाशकाने त्यांना तीन रंग दिले होते. नवरा त्यांच्याकडे पाहून हळहळत होता. मला मात्र वाटत होतं, की कोणीतरी आत्ता बेल वाजवावी. कोणीही. कुरिअरवाला चालेल.

शेवटचा खालचा खण उरला होता. मी जमिनीवर पालथी पडून हात आत घातला आणि मागच्या रांगेतून मुठीने माल बाहेर ओढायला लागले. गॅसची पुस्तिका. लेकीचं चौथीचं प्रगतिपुस्तक. दोन लग्नपत्रिका. आणि मग एक जाडजूड दिवाळी अंक, मागे खळीने चिकटवलेल्या कागदासकट.

हा कागद काय ते सांगायला हवं. आमच्या सोसायटीत पूर्वी दिवाळी अंकांची योजना होती आणि ती मी चालवायचे. सोळा घरांनी मिळून बारा अंक घ्यायचे आणि घरोघरी फिरवायचे. प्रत्येक अंकामागे घरांच्या नंबरांचा कागद. अंक हाती आला की आपल्या नंबरापुढे सही करायची, चार दिवसांत वाचायचा आणि पुढच्या घरी नेऊन द्यायचा. दोनशे चारनंतर तीनशे एक, म्हणजे मी.

दोनशे चारमध्ये माझी मैत्रीण राहते. राहते असंच म्हणते, पण नऊ वर्षं आम्ही बोललेलो नाही. तिचं माहेर उरणकडचं, मासेमारी करणाऱ्यांचं. माहेरून आली की कैरी घालून केलेला जवळा डब्यातून माझ्याकडे यायचा. आणि तिच्याइतकं वाचणारं माणूस आमच्या सोसायटीत दुसरं नव्हतं. अंक ती पहिल्या जाहिरातीपासून शेवटच्या राशिभविष्यापर्यंत वाचायची आणि मग जिन्यातूनच ओरडायची, "वहिनी, ती पोलिसाची गोष्ट वाचली का? शेवट नाय पटला मला!" मलाही तो पटलेला नसायचा. मग आम्ही जिन्यात उभ्या राहून लेखकाची हजेरी घ्यायचो, आणि माझी आमटी उतू जायची.

त्या वर्षी सगळ्यात जाड, सगळ्यांना हवा असलेला अंक हरवला. फिरत फिरत दोनशे चारपर्यंत आला होता, पुढे नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय निघाला. ती म्हणाली, "मी वहिनींच्या हातात दिलाय." मी म्हटलं, मला मिळालेला नाही. ती म्हणाली, "वहिनी, आठवा जरा." योजना माझी, टापटीप माझी, आणि ही मला आठवायला सांगते! माझी जीभ सुटली. सगळ्यांसमोर मी म्हटलं, "वाचायला नेतात की सुकट बांधायला, देव जाणे."

लोक हसले, आणि चांगले खळखळून हसले. तिने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि ती उठून गेली. त्यानंतर लिफ्टमध्ये भेटलो की आम्ही दोघीही दारावरच्या आकड्यांकडे असं बघायचो, जसं काही तिथे बातम्या लागल्यात. पुढच्या वर्षी योजनाही बंद पडली.

मी पालथ्याची उठून बसले. कागदावर दोनशे चारपुढे तिची नेटकी सही होती. तिच्याखाली तीनशे एक, आणि तिथे माझी सही. शेवटी मी जो झोकदार फराटा मारते तो फराटाही होता. त्याच्या शेजारी पिठाचा वाळका डाग. मला सगळं लख्ख आठवलं. मी पुरणपोळ्यांची कणीक मळत होते, नवऱ्याचे साहेब जेवायला येणार होते, ती अंक घेऊन आली, मी पिठाच्या हातानेच सही केली, आणि साहेबांची गाडी खाली लागली म्हणून टेबलावरचं सगळं उचलून शेल्फात सारलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. मी तर कळसा काखेत धरून शेजारणीला चोर ठरवलं होतं.

"आई, काय सापडलं?" लेक म्हणाली.

"काही नाही. रद्दी," मी म्हटलं आणि अंक 'द्यायचं'च्या ढिगात मधोमध खुपसला. हे मी केलं, लपवत नाही. मनात म्हटलं, नऊ वर्षांनी कोण विचारतंय. उद्या रद्दीवाला येईल आणि मी मोकळी होईन. मग हात धुवायला गेले, आणि बेसिनवर बराच वेळ साबण लावत राहिले.

बाहेर आले तर ढीग गायब.

"बाबांनी नायलॉनच्या दोरीने गठ्ठे बांधले," लेक खुशीत म्हणाली. "खाली पार्किंगमधल्या टेबलावर ठेवायला गेलेत. मी पाटी पण करून दिली, 'हवं ते घेऊन जा'. आपल्या सोसायटीत कोणीतरी वाचत असेलच ना!"

कोण वाचतं ते मला चांगलं माहीत होतं. लिफ्टचं बटण दाबलं, ती पाचव्यावर कोणाच्या तरी सोफ्यासाठी अडकून होती. मी जिन्याने सुटले. खोचलेला गाऊन, डोक्याला फडकं, नाकावर नऊ वर्षांची धूळ. दुसऱ्या मजल्यावर चप्पल निसटली ती तशीच सोडली. वर चढणारा नवरा मला बघून भिंतीला चिकटला आणि म्हणाला, "भूकंप?" मी त्याला ओलांडून गेले. स्वतःच्याच अवताराचं मला हसू येत होतं, पण पाय थांबत नव्हते.

ती टेबलापाशी उभी होती. हातात भाजीची पिशवी, पाठ माझ्याकडे. एक गठ्ठा तिने सोडला होता आणि त्यातली एक कादंबरी उभ्या उभ्या वाचायला लागली होती, पूर्वीसारखीच, ओठ हलवत. अंक दुसऱ्या गठ्ठ्यात होता. वरून तिसरा. त्याचा कणा मला दिसत होता. तिने तो अजून पाहिला नव्हता. एक पाऊल पुढे जाऊन, "अगंबाई, हा चुकून आला," म्हणत मी गठ्ठा उचलून पळाले असते तर कोणालाही काही कळलं नसतं.

पण तिने पान उलटलं आणि स्वतःशीच नाक मुरडलं. काहीतरी पटलं नव्हतं तिला. ते मला विचारावंसं वाटलं, आणि विचारायची सोय मीच घालवली होती हे इतकं टोचलं, की मी दोरी ओढली, अंक काढला आणि मागची बाजू वर करून तिच्या हातात दिला.

तिने कागद वाचला. बोट आपल्या सहीवर ठेवलं, मग खाली माझ्या सहीवर आणलं.

"सई तुमचीच हाय," ती म्हणाली.

"माझीच आहे. शेल्फाच्या मागे सापडला. आत्ताच, आवरताना. ताई, मी फार वाईट बोलले होते. मला माफ करा."

तिने अंक पिशवीत घातला नाही, टेबलावरही ठेवला नाही.  तसाच हातात धरून म्हणाली, "हितं पार्किंगात काय सांगता? मी एकटी होते का तवा? जितं बोललात तितं सांगा."

पुढच्या रविवारी सोसायटीची मीटिंग होती, गच्चीवर, प्लास्टिकच्या खुर्च्यांवर. विषय एकच, पाण्याची नवी टाकी. त्या आठवड्यात माझ्या देखण्या भिंतीकडे बघायला सहा शेजारणी येऊन गेल्या आणि मी प्रत्येकीला चहा दिला, पण तारीफ काही अंगी लागेना. मीटिंगला अध्यक्ष टाकीचे कागद उघडत होते तेवढ्यात मी उभी राहिले. आधी थोडं बोलायचंय म्हटलं. नऊ वर्षांपूर्वी हरवलेला अंक माझ्याच घरात सापडला, तो मीच सही करून घेतला होता, ताई खरं बोलत होत्या आणि मी खोटी होते. एका दमात बोलून टाकलं. 

"अहो वहिनी!" अध्यक्ष हसत म्हणाले. "कुठली गोष्ट काढलीत! कोणाच्या लक्षात आहे ते?"

"माझ्या हाय," मागच्या खुर्चीवरून ती म्हणाली.

गच्चीवरचं हसू थांबलं. कोपऱ्यात एक नवीन भाडेकरू जोडपं बसलं होतं. त्यांतल्या बाईंनी भाबडेपणाने विचारलं, "म्हणजे तुम्ही नक्की काय म्हणाला होतात?"

मला वाटलं होतं की तेवढं तरी सुटेल. मी ताईंकडे पाहिलं. ती माझ्याकडेच बघत होती आणि मदतीला येणार नव्हती. मग मी ते वाक्य जसंच्या तसं पुन्हा म्हटलं, शब्द न शब्द, सुकटीसकट. जी माणसं तेव्हा खळखळून हसली होती त्यांच्यातली निम्मी तिथेच होती. ह्या वेळी कोणी हसलं नाही. एक काका चष्मा पुसायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

 तिने पदर सारखा केला, खुर्ची जरा पुढे ओढली आणि अध्यक्षांना म्हणाली, "हां. आता घ्या टाकीचं."