चिठ्ठीवर नसलेलं सहावं काम

गंगाधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. अर्धा गाल साबणात, आणि पलीकडून त्याची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "काका, बाबा गेले... अंगणात, गाडीपाशीच." साबण तसाच पुसला आणि निघालो. आदिलाबादेत आमच्या दोन घरांच्या मध्ये दोन गल्ल्या आणि एक नाला, चालत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत मला फक्त एवढंच आठवत होतं, की तीन दिवसांपूर्वी मी त्याला फोनवर काय बोललो होतो. पोचलो तर घरातल्या बायका त्याचे हात पुसत होत्या. कोपरापर्यंत काळं वंगण. कमलवहिनी रडता रडता म्हणत होत्या, "निंगूनच नाई राह्यलं जी, किती घासलं तरी निंगून नाई राह्यलं..." ते हात पाहिले आणि मी ओट्यावर मटकन बसलो.

कारण त्या काळ्या हातांचा अर्थ मला ठाऊक होता. गंगाधर कापसाच्या जिनिंगमध्ये जन्मभर फिटर होता. आम्ही एकाच मराठी शाळेतले. मी पुढे मास्तर झालो, तो यंत्रांकडे गेला. त्याच्या जिनमध्ये फिटरांची एक रीत होती. दुरुस्ती संपली की लगेच हात धुवायचे नाहीत. यंत्र चालू करायचं, सरकी एकीकडे, रुई एकीकडे, आणि रुईची पहिली गाठ बांधून बाहेर पडली की मगच साबणाला हात लावायचा. निवृत्त झाल्यावरही त्यानं ती रीत सोडली नाही. आमचा पंखा दुरुस्त करायला आला, तर पंखा तासभर फिरेपर्यंत चहाचा कप रुमालात धरून प्यायला. बायको म्हणाली, भाऊजी, हात तरी धुवा. तर म्हणे, "हात धुतले म्हंजे काम झालं. अजून कुठं झालं?" तेव्हा त्या दिवशी त्याचं काम अर्धं राहिलं होतं, हे मला सांगायला कुणाची गरज नव्हती.

आणि काम होतं त्या गाडीचं. जिनच्या मालकाचा मुलगा शिकायला परदेशी गेला, तेव्हा त्याची दोन दारांची, दोनच माणसं मावतील अशी लाल स्पोर्ट्स कार रुईच्या गोदामात धूळ खात पडली. मालकानं ती गंगाधरला निरोपाच्या वेळी देऊन टाकली. गाडी इतकी बसकी, की गल्लीतली तेलुगु पोरं तिला कप्पा म्हणायची, म्हणजे बेडूक. वेगासाठी जन्मलेली ती गाडी हा माणूस बैलबंडीच्या चालीनं हाकायचा. प्रज्ञाला बासरच्या कॉलेज-कॅम्पसमध्ये प्रवेश मिळाला तेव्हा तिला आणि तिच्या पेटीला घेऊन तो गाडीनं निघाला, जागा नाही म्हणून वहिनी बसनं गेल्या, आणि वहिनी आधी पोचल्या! त्या गाडीतून उतरणं हा माझ्यापुरता एक शिक्षेचाच प्रकार. माझे गुडघे काही आजचे नाहीत. दर खेपेला गंगाधर फिरून माझ्या बाजूला यायचा, माझे दोन्ही हात धरायचा आणि विहिरीतून बादली काढावी तसा मला वर ओढायचा. मी त्याला शिव्या द्यायचो, तो हसायचा.

गाडीच्या नोंदणीची मुदत संपत आली म्हणून त्यानं ती आरटीओच्या तपासणीला नेली. साहेबानं पास केली नाही. एका चिठ्ठीवर पाच दोष लिहून दिले: मागचा डावा ब्रेकचा दिवा, वायपरचं रबर, सैल हँडब्रेक, नंबरपाटीवरचा दिवा, आणि हॉर्न ऐकू येत नाही. महिनाभरात दुरुस्त करून परत दाखवा. गंगाधरनं मला फोन केला. "मास्तर, पाच बारीक बारीक कामं हायेत. तू निस्ता बाजूले बसून चिठ्ठी वाच, मी करतो. उद्या येतं का?" माझे गुडघे त्या दिवशी ठणकत होते, आणि माझी जीभ तर काय, जन्मापासूनच तिखट. मी म्हणालो, "भंगारात दे ते डबडं अन् मोकळा हो. तू मेल्यावर कोन चालवनार हाये ते?" तो मग "बरं" म्हणाला आणि फोन ठेवला.

ते त्याचं माझ्याशी शेवटचं बोलणं. मी नाही म्हणालो, म्हणून तो एकटा खपत राहिला, रागात, उन्हात... आणि गेला. असंच मी धरून चाललो होतो. कुणाला सांगितलं नाही. जेवण गोड लागेना.

दिवसकार्य झाल्यावर वहिनींनी मला बोलावलं. भंगारवाला दोनदा येऊन गेला होता. प्रज्ञा निर्मलच्या कॉलेजात शिकवते, गाडी तिला हवी होती. वहिनी म्हणाल्या, "पास झाली तं ठेवू. नाई झाली तं देऊन टाकू, भाऊजी. दारात सडताना मले पाहवनार नाई." चिठ्ठीची मुदत आठवड्यावर आली होती. मी म्हणालो, चिठ्ठी इकडे आणा, आता मी वाचतो.

ओळखीचा इलेक्ट्रिशियन रफीकभाई पिशवी घेऊन अंगणात आला. मी बाजूला उभा राहून एक-एक दोष मोठ्यानं वाचायचा, त्यानं दुरुस्त करायचा. दोन्ही दिव्यांच्या होल्डरमध्ये गंज, घासून गेला. रबर नवं आलं, हँडब्रेकची तार ताणली. हॉर्न उघडला आणि रफीकभाई हसायलाच लागला. "मास्टरसाब, ये देखो! कापूस कायकू ठूँसे इसमें?" भोंग्यात ठासून रुई भरली होती. वहिनींनी कपाळावर हात मारला. "मार्केटच्या रस्त्यानं कापसाच्या बंड्या रायतेत ना. बैलं बुजतेत म्हनून भरला असंन त्याइनं." रुई काढली, रफीकभाईनं हॉर्न दाबला, आणि तो असा काही कडाडला की वहिनी दचकल्या आणि मग हसल्या. गंगाधर गेल्यानंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं.

पण एक गोष्ट मला खटकली. त्या पाचांपैकी एकाही कामाला गंगाधरचा हात लागलेला नव्हता. सगळं जसंच्या तसं गंजलेलं, सैल. मग तो अंगणात काय करत होता? हात कशानं काळे झाले?

तपासणीच्या दिवशी गाडी प्रज्ञानं चालवली. मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून पाठमोरा आत पडलो. मैदानावर पोचलो, उतरायची वेळ आली, आणि मी सवयीनं हात पुढे केले. समोर कुणी नव्हतं. प्रज्ञा म्हणाली, "काका, वर बघा. पट्टा धरा." दाराच्या वरच्या पट्टीला, नेमक्या माझ्या हाताच्या अंतरावर, जाड चामड्याची एक मूठ बोल्टनं पक्की बसवलेली होती. जिनच्या जुन्या पट्ट्याचं चामडं, वर्षानुवर्षं वंगण प्यायलेलं.

"हे कधी?"

"बाबा गेले त्याच दिवशी. तुमचा फोन झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी जुन्या जिनमध्ये जाऊन चामडं घेऊन आले. मी म्हटलं, बाबा, आधी चिठ्ठीवरचं करा ना. तर म्हणाले, मास्तराचे गुडघे दुखून राह्यले म्हून तो चिडते. आधी ह्ये लावतो, मंग येते तो आपसूक चिठ्ठी वाचाले."

मी पट्टा धरला आणि उठलो. एकट्यानं, विनासायास. डोळे भरून आले ते आलेच, पण छातीवरचा धोंडा त्या मैदानावरच उतरला. तो रागात गेला नव्हता. माझी वाट पाहत, माझी सोय करत गेला होता.

साहेब आला, दिवे पाहिले, हॉर्नला कान झाकला. मग ब्रेक पाहायला माझ्या जागी बसून प्रज्ञाला एक फेरी मारायला लावली. पट्ट्याकडे बोट करून म्हणाला, "इदेंदि?" म्हणजे, हे काय? आता हा सहावा दोष काढतो की काय, असं मला वाटलं. माणूस अंगानं भरलेला. उतरताना एकदा धडपडला, दुसऱ्यांदा धडपडला, मग त्यानं पट्टा धरला आणि सरळ उभा राहिला. "बागुंदि," म्हणाला. छान आहे. आणि कागदावर सही केली.

घरी आलो तर वहिनी दारातच. त्यांनी आधी माझ्या तळहाताकडे पाहिलं. पट्ट्याचं वंगण उतरून तो काळा झाला होता.

"झाली पास?"

"झाली."

त्या आत गेल्या, बादली आणि साबण घेऊन आल्या. "मंग धुवा आता हात," म्हणाल्या, आणि स्वतः पाणी ओतलं.

आता दर रविवारी प्रज्ञा मला फिरवून आणते. बंड्या दिसल्या की हॉर्न न वाजवता मागे राहते. दाराशी आलो की मी गंगाधरला एक शिवी देतो, पट्टा धरतो, उठतो. घरी येऊन हात धुतो. थोडं काळं राहतंच... मी फार घासत नाही.