सोपानला हवा होता तो आवाज

सोपान गेल्याचा निरोप आला तेव्हा मी वालचंदनगरला एका लग्नाच्या मांडवात कीबोर्डच्या वायरी जोडत होतो. भर दुपार. पिंपळीचा एक ओळखीचा माणूस मोटारसायकलवरून आला आणि म्हणाला, "जालिंदरराव, तुमचा सोपान गेला हो सकाळी. कावीळ डोक्यात गेली." मला आधी दुःख झालंच नाही, राग आला. पंधरा दिवस अंगावर काढलं, झाडपाल्याचं औषध घेत बसला, आणि मला एका शब्दानं कळवलं नाही. आज सहा आठवडे झाले, राग तसाच आहे. तो नक्की कुणावर आहे, एवढं मात्र आता कळलंय...

सोपान माझ्या ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचा. मी सणसरचा, उसाच्या घरातला. तो पिंपळीचा, वडलांच्या काळापर्यंत मेंढरं राखलेल्या घरातला. बारामतीच्या कॉलेजात ओळख झाली आणि नव्वद-एक्क्याण्णवच्या सुमारास आम्ही पाचजणांनी ऑर्केस्ट्रा काढला. बेस हे वाद्य असं, की वाजतं तेव्हा कुणाच्या लक्षात येत नाही, थांबलं की गाणं पोकळ होतं. सोपान माणूसही तसाच होता, असं लिहायचा मोह होतो. पण ते खोटं आहे. तो कमालीचा हट्टी होता.

त्याला बेसचा आवाज खरखरीत करायचा होता. गिटारवाले पायाशी एक लोखंडी डबी ठेवतात, पेडल म्हणतात तिला. पायानं दाबली की स्वच्छ सूर फाटतो. ओव्हरड्राइव्हची असेल तर तार जोरात छेडल्यावर सूर जरासा खरडतो. डिस्टॉर्शनची असेल तर पार चिंध्या. "कशाला पायजे तुला ह्ये?" मी विचारलं. तो म्हणाला, "आमच्या आबांचा ढोल ऐकलायस न्हवं? त्यो कानाला न्हाय, पोटाला लागतो. आन् वर कातड्याची खरखर. मला दोन्ही पायजे."

बारामतीत असलं काही मिळत नव्हतं. एसटीनं पुण्याला गेलो. दुकानदार म्हणाला, "बेसला कुणी लावत नाही हे," आणि डिस्टॉर्शनची डबी पुढे केली. दुकानातल्या छोट्या स्पीकरवर झकास वाजली. घरी येऊन मोठ्या स्पीकरला जोडली, तर खालचा सगळा दणका गायब आणि वर नुसती माशी घोंगावतेय! या डब्या साध्या गिटारसाठी बनवलेल्या, जाड सूर त्या दारातच अडवतात, हे आम्हाला कोण सांगणार? सोपाननं मग ओव्हरड्राइव्ह आणली. माशी गेली, दणका परतला नाही. तिसरी कुणीतरी मुंबईहून आणून दिली. तिच्यात दणका राहिला, पण ड्रमबरोबर सगळा चिखल झाला. दर वेळी सरावाचा अर्धा दिवस वाया. दर वेळी मी चिडायचो, आणि तो पुन्हा वाकून बटणं फिरवायचा.

इंदापूरच्या एका लग्नात त्यानं ऐन नाचाच्या गाण्यात तीच तिसरी डबी दाबली. नवरीचा मामा धावत स्टेजवर आला, "ओ, स्पीकर फाटला का तुमचा?" मांडव हसला. मी वाकून सगळ्यांदेखत त्याच्या डबीची वायर उपटली आणि गिटार सरळ अँप्लिफायरला जोडून दिलं. सोपाननं उरलेला कार्यक्रम मुकाट्यानं वाजवला. सामान बांधताना एवढंच म्हणाला, "इचारायचं तरी..."

दोन महिन्यांनी तो सणसरला आला, थेट आमच्या रानात. चेहरा उजळलेला. "जालू, सापडलं! आवाज दोन वाटांनी न्यायचा. एक वायर सरळ एका अँप्लिफायरला. दुसरी डबीतनं दुसऱ्याला. दणका खाली तसाच ऱ्हातो, खरखर वर बसती."

"म्हंजी दोन अँप्लिफायर?"

"व्हय."

"टेम्पोत जागा न्हाय."

"आधी ऐक तरी. पिंपळीला ये."

लग्नसराई संपू दे, म्हणालो. मग गणपती आले, मग जत्रा. त्यानं आणखी दोनदा विचारलं, नंतर सोडून दिलं. पुढची चार वर्षं तो साधा, स्वच्छ बेस वाजवत राहिला. कधी उशीर नाही, कधी सूर चुकला नाही. मला वाटलं, विषय मिटला.

दहावा झाल्यावर पिंपळीला गेलो. सोपानच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, घराशेजारची पत्र्याची खोली उघडून दिली. दोन अँप्लिफायर होते, त्यातला एक त्यानं स्वतः जुळवलेला. तिन्ही डब्या होत्या. पाहुण्यांना झोपायला जागा करताना सगळं हललं होतं, बटणं कुठल्या कुठं फिरली होती. मी वायरी जोडल्या, दोन वाटा केल्या आणि गिटार हातात घेतलं. वहिनी बाहेर ज्वारी पाखडत बसल्या होत्या.

"न्हाय, ह्यो न्हाय," त्या तिथूनच म्हणाल्या.

मी डबी बदलली. "खरखर लई झाली." बटण उतरवलं. "आता खाली पोकळ हाय." ज्यांना पेडलचं नावसुद्धा माहीत नव्हतं, त्यांना तो आवाज पाठ होता. तास गेला, दोन तास गेले. शेवटी वैतागून मी ओरडलोच, "वहिनी, कुठलं बटण किती फिरवायचं, कुठं लिहून ठिवलं न्हाय का त्यानं?"

सूप थांबलं. "लिवायचं कशाला? तुमी येनार, ऐकनार, म्हनत हुते. एकदा ऐकला असता, तर लावता आला असता तुमास्नी."

मी बटण किंचित मागं घेतलं, जाड तार छेडली, आणि बाहेरून काय उत्तर येतंय याची वाट बघत बसलो.