भिंतीवरची परतीची वेळ

बेटेगावच्या फाट्यावर जीप दुरुस्त करणारे काका इंजिनाला कान लावून डोळे मिटतात, तेव्हा दूरचा समुद्र ऐकत असावेत असं वाटतं. कुणी आडवाटेला निघालं, की ते पाण्याचे कॅन, फावडं, दोर तपासतात आणि गॅरेजच्या भिंतीवर खडूने त्याची परतीची वेळ लिहितात.

मी कच्छच्या रणातल्या अभयारण्यात निघालो तेव्हा म्हणाले, "पाणी अजून घ्या. गाडी रुतली की मोठेपणा चाकाखाली घालता येत नाय. आणि आल्यावर फोन करा."

रविवारी सुखरूप परतलो. रणातला पांढरा उजेड डोळ्यांतून जाईना, म्हणून बंद मोबाइल तसाच ठेवला. काकांना फोन करायचा राहिला.

मंगळवारी सहज फाट्यावर गेलो. काका स्वतःच्या जुन्या जीपमध्ये कॅन, दोर, फळ्या भरत होते.

"कुठे निघालात, काका?"

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुमालाच शोधाय. फोन लागत नवता."

काका इथून जवळच्याच केळव्यापलीकडे कधी गेलेले नाहीत.

त्यांनी दिलेल्या ओल्या फडक्याने मी भिंतीवरची माझी वेळ पुसली. मग कॅन उतरवायला हात लावला, तर हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. दमून आला असाल."