समुद्रावरून परत आलेला ऑर्गन

न्हावा शेव्याला मी क्लिअरिंग एजंट होतो, म्हणजे परदेशातून आलेला माल कस्टममधून सोडवून देणारा. वाशीत आमच्याच मजल्यावर एक वयस्कर ख्रिस्ती बाई राहायच्या. सगळी सोसायटी त्यांना आंटी म्हणायची. मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये त्या पाइप ऑर्गन, म्हणजे भिंतभर नळ्यांचा, हवेवर वाजणारा बाजा वाजवायच्या. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाजवत. इंग्रजांनी आपल्या पलटणीसाठी बांधलेलं ते चर्च. भिंतींवर पटकीने गेलेल्या कोवळ्या शिपायांच्या नावांच्या पाट्या. ऑर्गनही इंग्रजांनीच बोटीतून आणलेला. आंटींच्या लहानपणी एक माणूस मागे उभा राहून भाता हाणायचा, तेव्हा कुठे नळ्यांत हवा भरायची.

पुढे भात्याचं चामडं उंदरांनी कुरतडलं, लाकडी नळ्यांना वाळवी लागली. इथे दुरुस्त करणारा मिळेना. आंटींनी कित्येक वर्षं चर्चच्या कमिटीच्या मागे लागून शेवटी ऑर्गन सुटा करून विलायतेला पाठवायला लावला. तो परत आला तेव्हा सोडवायचं काम माझ्याकडे आलं. कंटेनर उघडताना आपण स्वतः हजर राहणार, असं आंटींनी सांगूनच टाकलं. मी त्यांच्यासाठी परवानगी काढली.

दार उघडलं तसा कुबट वास आला. कंटेनरच्या छताला भोक पडून आत पाणी शिरलं होतं. भोक कुठे पडलं, ते शेवटपर्यंत कळलं नाही. हमालाने एक लाकडी नळी उचलली तर सांधे सुटून नुसत्या फळ्या हातात आल्या. नव्या चामड्यावर हिरवी बुरशी. आंटींनी त्यावर बोट फिरवलं, रुमालाला पुसलं. मी विम्याचं काहीतरी बोलू लागलो.

"दार लावून घे," त्या म्हणाल्या.

परतताना गाडीत, वाशी जवळ आल्यावर, त्या म्हणाल्या, "बरं झालं, डॅडी नाहीत."

कमिटीने विजेवरचा कीबोर्ड आणला. दर्शनी बाजूच्या धातूच्या नळ्या तेवढ्या वाचल्या होत्या. त्या पॉलिश करून नुसत्या शोभेला जागच्या जागी उभ्या केल्या. आंटी एकच रविवार वाजवून आल्या. आवाज येतो, पण पायाखालची जमीन थरथरत नाही, असं माझ्या बायकोला म्हणाल्या. पुन्हा गेल्या नाहीत.

पुढच्या वर्षी त्या वारल्या. अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला. मी मागच्या बाकावर होतो. शेजारचे एक अनोळखी गृहस्थ त्या चकचकीत नळ्यांकडे बघत हळूच म्हणाले, "ऑर्गन काय मस्त ठेवलाय अजून."

मी मान डोलावली.