दोहा जवळ, पुणे लांब

सलमाभाभींचं सगळं मोजमाप विमानतळापासून विमानतळापर्यंत असे. त्यांची मुलगी नाझिया दोह्याला नर्स झाली आणि पहिल्या सुट्टीत थेट विमानानं नागपूरला उतरली. तेव्हापासून कारंज्यातल्या आमच्या गल्लीत एकच वाक्य फिरू लागलं, "दोहा ते नागपूर, चार तास!" भाभींचं बांगड्यांचं दुकान होतं. बांगड्या भरायला आलेल्या प्रत्येक बाईला ते ऐकावं लागे, आणि हात त्यांच्या मुठीत असल्यानं पळताही येत नसे.

मी त्यांची शेजारीण. माझा प्रशांत पुण्याला. तिथून ट्रॅव्हल्सनं यायचं म्हणजे अख्खी रात्र जाते, आणि तो येणार फक्त दिवाळीला, तेही जमलं तर. एकदा मी गच्चीवर गहू वाळत घालत होते. पलीकडून भाभी म्हणाल्या, "सुनंदा, पाह्य बरं, तुह्या पुण्यापेक्षा माहा दोहा जवळ हाय!" त्या आपल्या हसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

'विमानात बसली' असा नाझियाचा मेसेज आला की भाभी लगेच बट्ट्यांची कणीक मळायला घेत. वरण-बट्टी त्यांना शिकवली मीच, आणि नाव व्हायचं त्यांचं.

मी म्हणायचे, "भाभी, नागपूरवरून इथं यायले अजून तीन तास लागतात. बट्ट्या थंड होतीन ना!"

"रस्ता कायले मोजाचा? तो त आपलाच हाय."

दरवेळी बट्ट्या थंड होत, दरवेळी त्या पुन्हा तेवढ्याच घाईनं करत. एक ताट माझ्याकडे येई. तुपानं माखलेल्या त्या बट्ट्या माझ्या घशाखाली उतरत नसत. वर्षातून दोनदा पोरगी येते म्हणजे काय!

यंदा उन्हाळ्यात भाभी गेल्या. सकाळी दुकान उघडताना छातीत कळ आली आणि दवाखाना गाठेपर्यंत सगळं संपलं. गल्लीतल्या सगळ्यांच्या डोक्यात ते चार तासच बसलेले. पोरगी पोचेल म्हणून संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजापर्यंत वाट पाहिली, मग दफन केलं. नाझिया आली दुसऱ्या दिवशी. तिला दारात पाहिल्यावर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? कुठे गेले ते चार तास?

चहा घेऊन मी तिच्याजवळ बसले. तिनं कप तसाच खाली ठेवला.

"थेट विमान मले एकदाच भेटलं काकू, पहिल्या वेळी," ती म्हणाली. "मंग दरवेळी मुंबईवरूनच आली. निघाली की पुरा दिवस जाये. मुंबईच्या विमानतळावर बसून राहो, अन् नागपूर चार तासावर आलं की अम्मीले मेसेज करो, 'विमानात बसली.' तिले त्या चार तासाची लय खुशी होती. काहून मोडाची?"

मी पदरानं तिचे डोळे पुसले. माझा प्रशांत माझ्याशी कधी खोटं बोलत नाही. "लांब पडतं गं आई," असं सरळ सांगतो. भाभींना मातीआड होऊन एक रात्र झाली होती, आणि जिवंतपणी कधी वाटला नव्हता इतका त्यांचा हेवा मला त्या क्षणी वाटला.