गणपतीच्या स्टिकरसकट चिप खाडीत

डोंबिवलीकरांनो, आज माझं डोकं फिरलंय.

सकाळी ठाण्यात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते गाडीत बसले, मी चावी फिरवली. इंजिन चालू झालं आणि दोन सेकंदांत बंद पडलं. दहा वेळा तेच!

मेकॅनिकला फोन लावला. तो म्हणाला, "चावीचं कव्हर बदललंत का?"

बदललेलं. परवाच, स्टेशनबाहेरच्या चावीवाल्याकडे. त्यानंतर गाडी आजच काढत होतो.

"मग चिप जुन्या कव्हरातच राहिली. तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती जवळ नसेल तर गाडी तुम्हाला चोर समजते."

मी आईला विचारलं, "जुनं कव्हर कुठाय?"

"अरे, त्यावर गणपतीचा स्टिकर होता ना! कचऱ्यात कसं टाकणार? काल निर्माल्याबरोबर खाडीत सोडलं."

रिक्षाने पोचेपर्यंत बाबांचा नंबर गेला. आता पुढच्या आठवड्यात.

सर्व्हिस सेंटरवाला थंडपणे म्हणतो, "गाडी टो करून आणा, आरसी आणि आधार आणा." म्हणजे गाडी माझीच आहे हे मी सिद्ध करायचं! आणि गाडी कंपनीवाल्यांनो, आत चिप आहे, ही एक ओळ चावीवर छापायला तुमचे हात मोडले होते का रे?

तुमची जुनी कव्हरं कुठायत? आत्ता उठून बघा. या चिपने आजवर किती चोर अडवले माहीत नाही, माझ्या बापाला मात्र अडवलं.