अळणी नळी

आमच्या अलिबागच्या कॉलेजात रसायनाच्या प्रयोगशाळेचे शिपाई थळच्या कोळीवाड्यातले. सगळे त्यांना मामा म्हणत. धुतलेल्या परीक्षानळ्या ते मागच्या अंगणात, समुद्राच्या वाऱ्यावर, बांबूच्या मांडवावर वाळत घालत. या मांडवाला ते वलांडी म्हणत, कारण घरी बोंबील तसेच वाळायचे. एखादी नळी उन्हात धरून मला दाखवत, "बघा सर, ताज्या पापलेटावानी!"

प्रात्यक्षिक परीक्षेला मुंबईहून परीक्षक आले. मुलांनी क्षार ओळखायला घेतले आणि कुठल्याही क्षारात सिल्व्हर नायट्रेट टाकलं की पांढरा साका! सगळ्यांनाच क्लोराइड. परीक्षक म्हणाले, "परीक्षा रद्द करू का?" मी मागच्या अंगणात धावलो. वलांडीवरची एक कोरी नळी सहज जिभेला लावली, तर खारट! वाऱ्यानं सगळ्या नळ्यांना मीठ, म्हणजे क्लोराइडच, लावलं होतं.

मामांना सांगितलं. ते खो खो हसले, "वारा कुनाला सोडतो व्हय?" लगेच समुद्राकडच्या खिडक्या लावून त्यांनी नळ्या पुन्हा धुतल्या, आतच वाळवल्या. मग पहिली नळी परीक्षकांसमोर नेली, तिची कड मन लावून चाटली आणि अदबीनं पुढे केली.

"घ्या सायेब. अळनी हाय."